कमी वस्तूंत राहण्याची प्रेरणा कुठे शोधावी

पांढऱ्या भिंती, एक खुर्ची आणि कुंडीतले एकच रोप अशी छायाचित्रे पाहून घर रिकामे करण्याची इच्छा होते खरी, पण ती फार तर पुढच्या रविवारपर्यंत टिकते. त्या घरात राहणारी माणसे पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालतात, चार पाहुणे मुक्कामाला आले की अंथरुणे कुठून काढतात, यातले काहीच त्या छायाचित्रात दिसत नाही. ज्याला खरोखर थोडक्या सामानात राहायचे आहे त्याने, जिथे माणसे तशी राहिली किंवा आजही राहतात अशा ठिकाणी जावे आणि तिथे काय नाही हे मोजण्यापेक्षा, ते नसताना त्यांचे कसे चालते हे पाहावे.

सेवाग्राम हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. वर्ध्यापासून साधारण आठ किलोमीटरवर असलेल्या या गावी गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. माती, बांबू आणि कौले यांनी उभी राहिलेली बापूकुटी पाच मिनिटांत पाहून होते आणि बहुतेक जण तेवढ्यातच बाहेर पडतात. तसे करू नये. जमिनीवरची बैठक, तिच्यासमोरचे बुटके मेज आणि हाताच्या अंतरावर मांडलेल्या नित्याच्या वस्तू नीट पाहाव्यात. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे, म्हणजे साधेपणासाठी घर ओकेबोके ठेवावे लागते असेही नाही. आश्रमात व्हाइसरॉयशी संपर्कासाठी सरकारने बसवलेला टेलिफोन आहे आणि साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा पिंजराही आहे. काम असेल तर वस्तूला जागा मिळत होती, एवढेच त्यातून समजते. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुटीच्या बाहेर आहे. तिथे रसोडा सर्वांचा एक होता आणि प्रार्थनेची जागाही सर्वांची एकच होती. एका माणसाच्या खोलीत इतके कमी सामान भागत होते, कारण उरलेले पुष्कळसे सामान सर्वांचे मिळून होते.

हेच आषाढी वारीत आणखी स्पष्ट दिसते. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर पायी चालायला जवळपास तीन आठवडे लागतात. या काळात वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पडशीत कपड्यांचा एखादा जोड, पांघरूण, ताट-तांब्या, औषधाच्या गोळ्या आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद एवढेच असते. तंबू, मोठी पातेली आणि शिधा दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातो आणि त्यासाठी प्रत्येक जण आपली भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरतो. ज्यांना पूर्ण वारी शक्य नाही त्यांनी पुण्याहून दिवे घाटातून सासवडला जाणारा एकच टप्पा चालून पाहावा. सकाळी निघताना पिशवीत काय भरले आणि दिवसभरात त्यातले काय वापरले, हे मुक्कामी पोचल्यावर कागदावर मांडावे. घरी कपाट उघडून कितीही विचार केला तरी समजत नाही ते खांदा दुखल्यावर चटकन समजते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. गरिबीला साधेपणा समजून तिचे कौतुक करू नये. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये मोठमोठ्या कुटुंबांनी संसार केले ते आवडीने नव्हे, तर दुसरा इलाज नव्हता म्हणून. ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही आहे त्यानेच सोडण्याची भाषा करावी.

सेवाग्राम किंवा वारीहून परतल्यावर पहिले काम म्हणून घरातील वर्षातून दोन-तीनदाच लागणाऱ्या वस्तूंची यादी करावी. शिडी, ड्रिल मशीन, पाहुण्यांच्या गाद्या, प्रवासाच्या मोठ्या बॅगा, पन्नास माणसांच्या जेवणाची पातेली अशी ती साधारण निघेल. मग यातले काय सामायिक होऊ शकते ते पाहावे. लग्नकार्यासाठी गावकीची किंवा देवळाची भांडी नेण्याची पद्धत अनेक गावांत होती. हंडे, पराती मोजून न्यायच्या आणि घासूनपुसून, मोजून परत करायच्या. वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत वीस शिड्या ठेवण्याऐवजी एक चांगली शिडी, ड्रिल मशीन आणि नोंदीची वही कार्यालयात ठेवणे अवघड नाही. फक्त किल्ली कोणाकडे आणि मोडतोड झाली तर खर्च कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच भांडणात योजना बुडते. पुस्तकांच्या बाबतीत तर ही सोय आयतीच आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे आणि लहानमोठ्या गावांतही वाचनालये आहेत. पुन्हा वाचायचे नाही असे पुस्तक तिथल्या ग्रंथपालांना विचारून द्यावे. न विचारता गठ्ठे नेऊन टाकणे म्हणजे आपली अडगळ त्यांच्या गळ्यात मारणे होय.

दुसरे काम मर्यादा घालण्याचे आहे आणि त्यासाठी जैन परंपरेतील परिग्रह-परिमाण व्रत फार उपयोगी वाटते. साधूने सर्वसंगपरित्याग करावा, पण गृहस्थाने जमीन, घर, सोने-चांदी, धनधान्य आणि भांडीकुंडी यांची कमाल मर्यादा स्वतःच आधी ठरवून घ्यावी, असे हे व्रत सांगते. आपल्यालाही साड्या, शर्ट, चादरी, चहाचे कप यांचे आकडे ठरवून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवता येतील. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का, असे मनाला विचारत बसण्यापेक्षा आकडा बरा, कारण मन काहीही उत्तर देते. सुरुवातीला मुदत हवी असेल तर चातुर्मासाचा नेम धरावा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य करतात, तसे नवे कपडे आणि शोभेच्या वस्तू वर्ज्य कराव्यात. दसरा आणि दिवाळी याच काळात येतात, त्यामुळे खरेदीचा सगळा हंगाम नेमात सापडतो. मुलांचे दिवाळीचे कपडे यासारखी सवलत द्यायची असेल तर ती आषाढातच ठरवावी, दुकानात उभे राहून नव्हे.

आपण विकत घेत नाही, पण तरीही घरात येतात अशा वस्तूंचा बंदोबस्त सर्वांत कठीण असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेल्या प्लास्टिकच्या डब्या आणि ट्रे, वास्तुशांतीला आलेली भिंतीवरची घड्याळे, सत्काराच्या शाली आणि ओटीचे ब्लाऊजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात. यातले काही ब्लाऊजपीस फिरत फिरत मूळ मालकिणीकडे परत आले असतील तर नवल नाही. येथे नुसते नको म्हणून भागत नाही, कारण देणाऱ्याला ते लागते. म्हणून आपल्याकडून सुरुवात करावी आणि वाण म्हणून गूळ, वाटाणे, मेथीची जुडी किंवा उटणे अशी वापरून संपणारी वस्तू द्यावी. दोन-तीन वर्षांत ओळखीच्या बायकांना आपल्याला काय दिलेले आवडते ते कळते. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे छापले तर मोठ्या माणसांनी घरोघरी तोंडी तसे सांगावे, नाहीतर ती ओळ शिष्टाचाराची समजली जाते.

घरातून वस्तू बाहेर काढताना बोहारणीचा मोह सांभाळावा. जुन्या साड्या देऊन स्टीलचे पातेले घेतले की कपाटातली गर्दी स्वयंपाकघरात आली, एवढाच फरक पडतो. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्यावी आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेसारख्या सोयी असतील तिथे उरलेले कापड, चपला आणि जुने सामान त्यांना द्यावे. घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. पोटमाळ्यावरची आजीची ट्रंक तर आपणहून उघडूच नये, कारण रेशनवरच्या कापडाचे दिवस पाहिलेल्या पिढीने दोरीचा तुकडाही जपून ठेवला त्याला कारण होते. ती स्वतः आवराआवर करायला बसली तर शेजारी बसावे, प्रत्येक वस्तू कोणाला द्यायची ते तिच्याच तोंडून ऐकावे आणि लिहून घ्यावे. बसली नाही तर आपल्या कपाटातले काम पुरेसे आहे.