‘माझ्याकडे तर चालते’ म्हणण्याआधी या चुका टाळा

कोड सर्वांसाठी खुला केला म्हणजे तो सर्वांच्या संगणकावर चालेल, हा ओपन सोर्समध्ये नव्याने आलेल्यांचा आवडता गैरसमज आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत कोणत्या पद्धतीने साठवली आहेत हे, न सांगणे. इंदूरमधील एका मराठी ग्रंथालयासाठी काही विद्यार्थ्यांनी लिहिलेला सूचीचा प्रोग्राम त्यांच्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, सुरळीत चालत होता, पण ग्रंथालयातल्या विंडोजवर तो मध्येच बंद पडू लागला. उबुंटूवर पायथन यूटीएफ-८ गृहीत धरत होता आणि त्या विंडोजवर १२५२ हे जुने कोड पेज, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि हलन्ताचा ८डी, आणि १२५२ मध्ये ज्या मोजक्या जागा रिकाम्या आहेत, त्यांत या दोन्ही येतात. त्यामुळे ‘कमल’ हे नाव अगम्य चिन्हांच्या रूपात का होईना, वाचले जाई. ‘कुमुद’ आले की प्रोग्राम थांबे.

इथवर नुकसान काहीच झाले नव्हते. मात्र एका उतावळ्याने एरर दुर्लक्षिण्याचा पर्याय जोडला, लाल अक्षरे नाहीशी झाली आणि सूची त्याच फाइलवर सेव्ह झाली. उकार आणि हलन्त दोन्हींचे शेवटचे बाइट गळाले, उरलेले दोन बाइट दोन्हींचे सारखेच, म्हणून मूळ काय होते हे फाइलवरून कळण्याचा मार्गच उरला नाही. ग्रंथपालबाईंना दाखल नोंदवही समोर ठेवून नावे पुन्हा टाइप करावी लागली. एररचे तोंड दाबण्याला जे दुरुस्ती म्हणतात, त्यांचा कोड मी स्वीकारत नाही. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरले असले, तरी मी प्रत्येक वेळी एन्कोडिंग लिहितो, कारण अशा ठिकाणी जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालतात. चाचणीला मी ‘कुमुद’, ‘झेलम’ आणि ‘ऐश्वर्या’ ही नावे घेतो. त्यांतले प्रत्येक नाव १२५२ ला अडकते.

फाइलच्या नावांत इंग्रजी अक्षरे लहानच ठेवावीत; लहान-मोठ्या अक्षरांतला फरक लिनक्स पाळतो, विंडोज सहसा पाळत नाही. शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे लिनक्सला द्यायच्या आज्ञांच्या फाइलच्या, ओळींचा शेवट विंडोज पद्धतीचा झाला, तर लिनक्स ती चालवत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एक ओळ लिहिली की हे मिटते. ‘ऑक्स’ किंवा ‘कॉन’ नावाची फाइल प्रकल्पात घालू नये, कारण ही नावे विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत.

याचा अर्थ विशिष्ट प्रणालीपुरता कोड लिहूच नये, असा नाही. फाइल लॉक करण्यासारखी कामे प्रत्येक प्रणाली आपल्या रीतीने करते आणि तिथे वेगळा कोड लागतोच. आक्षेप आहे तो पानोपानी ‘विंडोज असेल तर’ पेरण्याला. एसक्यूलाइट या डेटाबेसने हे काम युनिक्ससाठी (लिनक्स आणि मॅक याच कुळातले) एका आणि विंडोजसाठी दुसऱ्या फाइलमध्ये ठेवले आहे, त्यामुळे बाकीच्या कोडला प्रणाली कोणती हे विचारावे लागत नाही. माझ्याकडे मॅक नाही, ही सबबही मी ऐकत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रकल्पांना लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर चाचण्या चालवण्याची सोय विनामूल्य मिळते.