विमानात गुडघे आखडू नयेत म्हणून

इंदूरहून पुण्याला रात्रभर बसने जाण्यापेक्षा विमान बरं, म्हणून आपण तिकीट काढतो आणि मग तो सव्वा-दीड तास पुढच्या सीटला गुडघे टेकवून काढतो. मागच्या दिवाळीत मामाकडे जाताना माझं तेच झालं. एक लॅपटॉपची बॅग आणि एक पिशवी, तिच्यात दोन किलो शेव आणि जीरावण मसाल्याची पाकिटं. चढायला उशीर झाला, वरचे कप्पे गच्च भरलेले, दोन्ही बोजे पायाशी. शेवटी शेजारच्या आजीच म्हणाल्या, "पाय इकडे सरकवा हो, मी बुटकीच आहे." तेव्हा लक्षात आलं की जागा कंपनीने कमी दिली होती हे खरं, पण उरलेली मीच खाल्ली होती.

आधी 'पिच' म्हणजे काय ते समजून घ्या. एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. आपल्याकडच्या इकॉनॉमीत ते साधारण २८ ते ३१ इंच असतं. त्यात सीटच्या पाठीची जाडीही येते, त्यामुळे पातळ पाठीच्या सीटला २८ इंचही चालून जातात आणि जुन्या गुबगुबीत सीटला ३० सुद्धा पुरत नाहीत.

तिकीट काढताना वेळेबरोबर विमानही बघा. एअरबस ए३२० असेल तर एका ओळीत दोन्हीकडे तीन-तीन सीटा. एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, असेल तर दोन-दोन, म्हणजे मधल्या सीटची कटकटच नाही. पण एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात, फुगलेली बॅग त्यात मावत नाही आणि पायाशी येते.

मग सीट निवडा. पैसे मोजायची तयारी असेल तर खरी लांब जागा दोनच ठिकाणी मिळते: पहिली रांग आणि आपत्कालीन दाराजवळच्या रांगा. पहिल्या रांगेत पुढे सीट नसते, पण भिंत असते. पाय पुरते ताणायला जाल तर बूट तिथे अडतात. शिवाय जेवणाचं टेबल हाताच्या दांडीत दडवलेलं असतं, म्हणून ती दांडी जाड आणि न उचलता येणारी. उंच आणि सडपातळ माणसाला ही रांग छान. अंगाने भरलेल्यांना ती कमरेशी काचते.

माझं मत दाराच्या रांगेला. ए३२० मध्ये अशा दोन रांगा एकामागे एक असतात. त्यातली पुढची सहसा मागे कलत नाही, म्हणून मागची मागा. मात्र लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्यांना आधार लागतो अशी वयस्कर मंडळी यांना तिथे बसता येत नाही. वेळ आली तर दार उघडायला मदत करावी लागते, तेव्हा आईसाठी ही सीट घेऊन ठेवू नका, उठवतील.

पैसे द्यायचे नसतील तर वेब चेक-इन उघडताच नकाशा बघा. मागच्या रांगांतल्या मधल्या सीटा सहसा शेवटी भरतात. दोघं असाल तर खिडकीची आणि कडेची घ्या, मधली सोडा. कोणी आलंच तर त्याला कडेची देऊन आपण आत सरकायचं. नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता बॅग. शेव, जीरावण, मिठाई सगळं चेक-इनच्या सामानात, कपड्यांच्या मध्ये टाका. चुरा झालाच तर पोह्यांवर घालायला तोच लागतो. पॉवर बँक मात्र त्यातून बाहेर काढा, ती सोबतच न्यावी लागते. हातातली बॅग वरच्या कप्प्यात आडवी नाही, उभ्या कडेवर ठेवा, म्हणजे दुसऱ्यालाही जागा राहते. पुढच्या सीटखालची पोकळी रिकामी राहिली की पाय तिथे सरळ जातात.

बसताना कंबर पार मागे टेकवा. घसरून बसलं की गुडघे पुढे जातात आणि आपण दोष सीटला देतो. समोरच्या खिशात पाण्याची बाटली कोंबू नका. ती नेमकी गुडघ्यावर येते. पुढच्याने सीट मागे घेतली तर चिडण्याआधी "जेवण होईपर्यंत जरा सरळ ठेवता का?" एवढं विचारा. आपणही मागे कलण्याआधी एकदा वळून बघावं.

चार तासांहून लांबचा प्रवास असेल तर कडेची सीट घ्या, अधूनमधून उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. एवढा वेळ पाय न हलवता बसलं की पायातल्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. कडेला बसून एक पाय वाटेत ताणता येतो, पण ट्रॉलीचा आवाज आला की तो लगेच आत घ्या. भरलेली ट्रॉली चांगलीच जड असते आणि ढकलणाऱ्याला आपला घोटा दिसत नाही.