हाय जंप: बार हवेत पडतो, चूक जमिनीवर झालेली असते (या चुका टाळा)

पोरगं उडी मारतं, बार पडतो आणि कडेला उभे असलेले पीटी सर, पालक, सिनियर पोरं सगळे एकसुरात ओरडतात, "कंबर उचल रे!" आता खरं सांगायचं तर पाय जमिनीवरून सुटला की अंग किती वर जाणार हे तिथेच ठरलेलं असतं, हवेत फक्त कुठला भाग कधी वर आणि कधी खाली एवढंच हातात राहतं. त्यामुळे बार पाडणारी चूक शोधायची असेल तर शेवटच्या चार-पाच पावलांत शोधा. पण बघतं कोण? सगळ्यांचे डोळे बारवर.

आपल्या कोकणातल्या ग्राउंडांना लोक नावं ठेवतात, पण लाल मातीचा एक मोठा फायदा आहे. पावसाची एक सर पडून गेली आणि माती जरा बसली की टेक ऑफच्या जागी पायाचा ठसा स्वच्छ उठतो. उडी झाली की पोराकडे नंतर बघा, आधी त्या ठशापाशी जाऊन उकिडवे बसा. पूर्ण तळवा टेकलाय आणि बोटं मॅटच्या पलीकडच्या, मागच्या कोपऱ्याकडे आहेत, तर ठीक. टाचेचा खोल खड्डा आणि पुढे माती ढकललेली दिसली तर पोराने शेवटचं पाऊल लांब टाकून स्वतःलाच ब्रेक मारलाय. नुसत्या चवड्याचा ठसा असेल तर तो उंच उंच धावत आला, कंबर खाली गेलीच नाही. आणि पाय बारला समांतर पडला असेल तर प्रॅक्टिस तिथेच थांबवा, कारण अंग वळतं बारकडे आणि पाय राहतो तसाच, सगळा पीळ घोट्यावर नि गुडघ्यावर येतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कर्व्ह न धावणं. डाव्या पायाने उडणारा मॅटकडे तोंड करून उभा राहिला की उजवीकडून येतो, आधी सरळ आणि मग शेवटची चार-पाच पावलं गोलाईत, आणि त्या गोलाईत अंग आतल्या बाजूला म्हणजे बारपासून लांब झुकलेलं हवं. आपली पोरं काय करतात, सरळ धावत येतात आणि शेवटच्या दोन पावलांत कचकन वळतात, वर बारकडे बघून खांदा आधीच आत टाकतात. मग वर जातानाच खांदा नाहीतर हात बारला लागतो आणि पोरगं म्हणतं, "सर, माका जमाचा नाय." जमतं रे बाबा, फक्कीने गोलाई आखून घे आणि आठवडाभर बार न लावता त्या रेषेवरून नुसता धाव. शेवटी सिझर (कात्रीसारखे एकेक पाय वरून टाकायची उडी) मारून पायावर उतरायचं. सिझरमध्ये लबाडी चालत नाही, जो आधीच आडवा होतो तो पायावर उतरूच शकत नाही.

शेवटून दुसरं पाऊल जरा लांब, कंबर किंचित खाली, आणि शेवटचं आखूड नि झटकन. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी उलटं होतं, कारण रनअपची सुरुवातीची खूण चुकलेली असते आणि पोरगं शेवटच्या पावलात अंतर भरून काढतं. अशा वेळी "पाऊल आखूड टाक" असं ओरडू नका, खूण हलवा. पोहोचतच नसेल तर अर्धा-एक फूट पुढे, बारच्या अंगावर येत असेल तर तेवढीच मागे. टेक ऑफ साधारण बारच्या जवळच्या खांबाच्या (स्टँडच्या) थोडं आत आणि बारपासून एक हात अंतरावर. उंची आणि स्पीड वाढला की ही जागा थोडी मागे सरकते हे लक्षात ठेवा, 1.30 मीटरची खूण 1.60 मीटरला चालेलच असं नाही.

बार कशाने पडला यावरून अंदाज येतो. वर जाताना पडला तर फार जवळून उडाला किंवा आधीच आत झुकला. कमरेने किंवा ढुंगणाने पडला तर बहुतेक वेळा लांबून उडालाय, बारच्या आधीच सगळ्यात वर पोहोचून खाली यायला लागलाय, किंवा बार बघायला मान उचलली म्हणून कंबर बसली. टाचेने पडला तर कंबर पार झाल्यावर हनुवटी छातीकडे घेऊन पाय झटकले नाहीत, ही चूक मात्र खरी हवेतली, आणि ती सुधारायला सोपी. मॅटच्या बाजूच्या टोकाला जाऊन पडतोय? शेवटच्या पावलांत बारला समांतर पळतोय.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाळूच्या खड्ड्यात फ्लॉप, म्हणजे पाठीवरून मारायची उडी, नाही म्हणजे नाही. 1968 ला मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने पाठीवरून उडी मारून 2.24 मीटरने गोल्ड घेतलं आणि सगळं जग तिकडे वळलं, पण ते जमलं फोमच्या जाड मॅटा आल्या म्हणून. पाठीवर, मानेजवळ पडायची ही उडी आहे. लांब उडीच्या खड्ड्यात किंवा कबड्डीच्या पातळ मॅटवर पोराला फ्लॉप शिकवणारे लोक अजून आहेत, त्यांच्यापासून पोरं लांब ठेवा. मॅट नसेल तर सिझर शिकवा, रनअप पक्का करा, काही वाया जात नाही. मॅट असेल तर पावसाळ्यात तिचा फोम पाणी पितो, वरून सुकलेली दिसते पण आत जड नि घट्ट असते, आधी हाताने दाबून बघा. दोन मॅटा जोडल्या असतील तर मधली फट बांधून घ्या.

स्ट्रेंग्थकडे येऊ. आपल्याकडचा आवडता उपाय म्हणजे बीचवर पळवा. बीच चांगला आहे, पोटऱ्या आणि घोटे मजबूत होतात, पण मऊ वाळूत पाय रुततो, जमिनीवर जास्त वेळ राहतो, आणि हाय जंपला नेमकं उलटं लागतं, पाय टेकला की लगेच सुटला पाहिजे. म्हणून वाळू सीझनच्या सुरुवातीला, स्पर्धा जवळ आली की कडक ग्राउंड. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत पळवत असाल तर तिथे उतार असतो, एकाच दिशेने पळालं की एकच पाय कायम खालच्या बाजूला, म्हणून जाताना जेवढं तेवढंच येताना.

जिममध्ये गेलेली पोरं दोन्ही पायांवर जड स्क्वॉट मारून खूश होतात. स्क्वॉट हवाच, पण उडी एका पायावर आहे, तेव्हा स्टेप अप, स्प्लिट स्क्वॉट, एका पायावरचं काफ रेझ हे सोडू नका. उंच बॉक्सवर उडी मारून रील टाकणाऱ्यांचं तर बोलायलाच नको, त्यात गुडघे पोटाशी घेण्याचंच कौतुक जास्त असतं. उंचावरून खाली उडी मारून परत वर उसळायचा व्यायाम नवशिक्यांना देऊ नका, आणि जांभ्याच्या कातळावर तर कोणालाच नको. प्लायोमेट्रिक्स, म्हणजे असे उसळायचे, उड्यांचे व्यायाम, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस मोकळे, बस.

बारा-चौदा वर्षांच्या पोराचा गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल तर "सवय होईल" म्हणू नका. वाढीच्या वयात तिथे स्नायूची ओढ बसते, उड्या कमी करा आणि डॉक्टरला दाखवा.

हाय जंपर सर्वेश कुशारे, आपल्या नाशिक जिल्ह्यातला, 2025 च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फायनलला 2.28 मीटर मारून सहावा आला. पोरं त्याचे व्हिडिओ बघतात आणि पाठीची कमान तेवढी उचलतात. तोच व्हिडिओ स्लो करून कमरेखालचा भाग झाकून नाही, वरचा भाग झाकून बघायला लावा.

आणि विभागीय स्पर्धेला गेलात आणि तिथे सिंथेटिक ट्रॅक असेल तर पकड वेगळी, पावलं लांब पडतात, मातीवरची खूण तिथे चुकणार. वॉर्मअपमध्ये बार न लावता दोन-तीन रनअप धावून खूण परत बसवा. चिकटपट्टी स्वतःची न्या, ट्रॅकवर खडूने किंवा फक्कीने खूण करू देत नाहीत.