रूप पालटणाऱ्यांची प्रेमकथा किशोरवाचकांसाठी कशी लिहावी

रूप पालटणाऱ्या पात्राची प्रेमकथा लिहायला घेणारे बहुतेक जण आधी प्राणी ठरवतात, बिबट्या, नाग, घुबड, क्वचित कोल्हा, आणि मग त्या कातडीला शोभेल असा नायक किंवा नायिका शोधत बसतात. हा क्रम उलटा ठेवलेला बरा, असे माझे मत झाले आहे. आधी गुपित ठरवावे, ते कोणापासून आणि कुठवर लपवायचे हे ठरवावे, आणि प्राणी त्यानंतर निवडावा. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला रूपपालट समजावून सांगावा लागत नाही. आवाज फुटणे, ओठांवर लव येणे, परवापर्यंत होणारा सदरा आज दंडात अडकणे, हे सारे त्याच्या घरच्या आरशात चाललेलेच असते. त्याला जाणून घ्यायचे असते ते हे, की जे रूप आईलाही दाखवलेले नाही ते वर्गातल्या एका मुलीला किंवा मुलाला दाखवावे का, आणि दाखवल्यावर समोरचे माणूस तिथे थांबेल का.

शब्दाचा प्रश्न सुरुवातीलाच मिटवावा. ‘बहुरूपी’ हा शब्द मोहात पाडतो, परंतु तो पोलिसाचे किंवा देवाचे सोंग घेऊन दारोदार फिरणाऱ्या लोककलावंताचा आहे. ‘इच्छाधारी’ म्हटले की वाचकाला पडद्यावरची नागीण दिसते आणि तो हसतो. संस्कृतातला ‘कामरूपी’ अर्थाने अचूक आहे, पण नववीच्या वर्गात त्याचे काय होईल हे सांगायला नको. त्यापेक्षा कथेतल्या कुटुंबाला त्याचा स्वतःचा घरगुती शब्द द्यावा. माझ्या कथेतली आजी ‘आज हिचा पालट आहे’ एवढेच म्हणते, आणि तेही ‘आज हिचा उपास आहे’ म्हणावे तशा सुरात.

त्यानंतर अट. रूपपालटाच्या कथेत अट कशी घालावी हे शिकायचे असेल, तर शतपथ ब्राह्मणातले उर्वशी आणि पुरूरवा यांचे आख्यान सावकाश वाचावे. उर्वशी त्याच्याजवळ राहायला तयार होते ती बजावूनच, की माझ्या इच्छेविरुद्ध माझ्याजवळ यायचे नाही आणि तू मला विवस्त्र दिसता कामा नये. पुढे गंधर्व तिच्या पलंगाला बांधलेल्या मेंढीची कोकरे पळवतात, ती आक्रोश करते, पुरूरवा वस्त्र गुंडाळण्याइतकाही वेळ न दवडता धावतो, आणि गंधर्व नेमकी तेव्हाच वीज चमकवतात. तो तिला शोधत कुरुक्षेत्रात हिंडतो, तेव्हा ती सरोवरात पाणपक्ष्याच्या रूपात पोहत असते, आणि तिथे ओळखते ती, तो नव्हे. अट मोडली ती त्याच्या लबाडीने मोडली नाही, तिच्या हाकेला धावून गेल्यामुळे मोडली, आणि म्हणूनच ती गोष्ट इतकी जिव्हारी लागते. आपल्या कथेतही प्रेमापोटी केलेल्या कृतीनेच अट मोडेल, अशी रचना करावी. आमच्या पुण्यातल्या लेखनगटात एकाची कथा सदाशिव पेठेतल्या वाड्यात घडते. तिथला मुलगा नाग आहे, त्याची कात परक्या हाताने उचलायची नाही अशी अट आहे, आणि मालकीणबाई माळ्यावर चढायच्या आत ती लपवावी म्हणून नायिका धावत जाऊन ती उचलते. खलनायकाची गरजच उरली नाही.

रूप पालटण्याची किंमत मात्र रोजच्या व्यवहारात मोजावी, शापाच्या भाषेत नव्हे. हे मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या मसुद्यात नायिका वेताळ टेकडीवर बिबट्या झाली, रात्रभर जुन्या खाणीच्या काठाने हिंडली आणि सकाळी साडेसातला कॉलेजात हजर झाली. वाचनाला आलेल्या आठवीतल्या एका मुलीने शांतपणे विचारले, “मग तिचे कपडे कुठे गेले? आणि मोबाइल?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायी तीन प्रकरणे पुन्हा लिहावी लागली, पण कथेला पाय फुटले ते तिथेच. कारण आता नायिकेला खाणीजवळच्या एका दगडाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कपड्यांचा जोड ठेवावा लागला, पहाटे फिरायला येणारी मंडळी चढू लागण्यापूर्वी तिथे पोहोचावे लागले, आणि एके दिवशी ती पिशवी नायकाच्या हाती लागली.

प्राण्याचा अभ्यास करण्यात हयगय करू नये, कारण प्रेमकथेला लागणारे निम्मे प्रसंग त्या अभ्यासातच पडलेले असतात. नाग दूध पिऊन सूड घेत फिरतो हे विसरावे आणि खरा नाग पाहावा. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपाशी तासभर उभे राहिले तरी पुष्कळ हाती लागते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकण्याआधी काही दिवस तो खवला दुधाळ, निळसर होतो, त्यामुळे त्याला नीट दिसत नाही. माणसाच्या रूपातही त्या दिवसांत मुलाला फळा धूसर दिसतो असे धरले, तर शेजारच्या बाकावरची मुलगी काही न विचारता त्याला गणिते वाचून दाखवते, हा प्रसंग आपोआप मिळतो. सापाला बाहेरून कान नसतात. जमिनीतली कंपने त्याला जबड्याच्या हाडांतून जाणवतात. म्हणजे पालट झालेला असताना तिने मारलेली हाक त्याला नीटशी कळणार नाही, परंतु शहाबादी फरशीवरून चालत येणारी तिची पावले तो ओळखेल.

बिबट्यासाठी तर पुणे जिल्ह्यासारखी जागा नाही. जुन्नरकडच्या उसात बिबटे राहतात, माद्या तिथेच पिल्ले घालतात, आणि ऊसतोडणी सुरू झाली की सरीत पिल्ले सापडतात. मग वनखात्याची माणसे ती त्याच जागी ठेवून, रात्री आई येऊन घेऊन जाईल याची वाट पाहतात. माझी नायिका जुन्नरची आहे, शिकायला पुण्यात आली आहे, आणि तिच्या कथेचे घड्याळ पौर्णिमेवर नव्हे, तोडणीच्या हंगामावर चालते. परदेशी कादंबऱ्यांतली चांदणी रात्र आणि लांडग्यांचा कळप उसन्या कोटासारखा अंगावर लोंबतो. त्यातून बिबट्या हा एकटा राहणारा प्राणी. कळपातल्या नात्यांचे नियम त्याला लावले तर जाणता वाचक पुस्तक मिटेल.

ओळखीचा प्रसंग कथेचा कणा असतो, आणि तो लिहिताना महाभारताच्या वनपर्वातली दमयंती समोर ठेवावी. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचेच रूप घेऊन बसतात, आणि तिला पाच नल दिसतात. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. आणि ज्याच्या अंगावर धूळ व घाम आहे, ज्याची सावली पडली आहे, तो तिचा नल. तेजस्वी रूपांतून ती घामेजलेले रूप निवडते. म्हणून ओळख चमकणाऱ्या डोळ्यांवरून किंवा जन्मखुणेवरून करवू नये, ती सवयीवरून करवावी. माझ्या कथेत तो प्रसंग एवढाच आहे:

बिबट्या दगडावर बसला होता. तेजसने विजेरी खाली वळवली, कारण सईला डोळ्यांवर उजेड आलेला कधीच खपत नसे. बिबट्याने मान तिरकी केली आणि डाव्या पंजाने कानामागे दोनदा खाजवले.

“गणिताच्या पेपरलाही तू हेच करत होतीस,” तो म्हणाला, आणि मग त्याचे पाय लटपटू लागले.

यात तो आधी ओळखतो आणि मग घाबरतो, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट लिहिले तर प्रसंग भयकथेकडे झुकतो.

वय आणि संमती या बाबतींत मी कोणतीही सवलत देत नाही. तीनशे वर्षांचा यक्ष आणि सोळा वर्षांची मुलगी ही जोडी कितीही काव्यमय वाटली तरी ती टाळावी. पात्राचे वय त्याच्या अनुभवाने मोजावे, चेहऱ्याने नव्हे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, याचे भान लेखकाने ठेवावे आणि जवळीक हात धरण्यापर्यंत, फार तर पावसात एका छत्रीतून चालण्यापर्यंत ठेवावी. तेवढ्यात पुष्कळ मावते. दुसऱ्याचे रूप घेऊन जवळ जाणे ही फसवणूक आहे, हे गौतमाच्या रूपात अहल्येकडे गेलेल्या इंद्राची कथा शतकानुशतके सांगत आली आहे. तुमच्या पात्राने मित्राचा चेहरा घेऊन नायिकेच्या मनातले काढून घेतले, तर त्याला गंमत म्हणून सोडून देऊ नये. तिला राग येऊ द्यावा, आणि तो दोन प्रकरणे टिकू द्यावा.

घरच्या माणसांना विसरू नये. पुण्यात एकांत मिळणे हेच मुळात अवघड. खोलीची मालकीण, रात्री दहाला बंद होणारे वसतिगृहाचे दार, नातवाच्या मैत्रिणीचे आडनाव विचारणारे आजोबा, हे सारे कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त अडथळे आणतात.

शेवटी नायिकेला कायमचे माणूस करून टाकण्याचा मोह आवरावा. पालट हा आजार असल्यासारखा बरा झाला, तर ज्या वाचकाने आपले लपवलेले रूप तिच्यात पाहिले होते त्याला आपण दार दाखवल्यासारखे होते. माझ्या कथेत सई अजूनही खाणीवर जाते. दगडाखालच्या पिशवीत कपड्यांबरोबर आता पोह्यांचा एक डबा असतो, आणि तो सकाळी रिकामा परत करायचा असतो.