टीकिंटर शिकताना या चुका टाळा: बटण दिसतं, पण चालत नाही

टीकिंटर म्हणजे विंडो, बटणं बनवायची पायथनची लायब्ररी. त्यात विंडो उघडणं सोपं आहे. गाडी अडते ती बटणापाशी. बटण दाबलं तरी काही होत नाही, किंवा जे व्हायचं ते दाबायच्या आधीच होऊन बसतं. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आपल्याला वरून खाली चालून संपणाऱ्या प्रोग्रामची सवय असते. इथे मेनलूप (क्लिक, टाइपिंगची वाट बघत राहणारा लूप) सुरू झाला की सूत्रं विंडोकडे जातात. कोणी क्लिक केलं, टाइप केलं, की विंडो आपल्या फंक्शनला बोलावते. कोणाला बोलवायचं एवढंच आपण आधी सांगून ठेवायचं.

कंस

बटण दाबल्यावर कोणतं फंक्शन चालवायचं ते कमांडमध्ये सांगतात. तिथे कमांड=बेरीज() असं लिहिलंत की पायथन ते फंक्शन तिथल्या तिथे चालवतो आणि त्यातून जे परत येईल ते बटणाला देतो. बहुधा काहीच परत येत नाही, म्हणून बटण मुकं राहतं. लक्षण ठरलेलं: प्रोग्राम सुरू होताच उत्तर टर्मिनलवर छापलं जातं, नंतर कितीही दाबा, शांतता. कंस काढा, कमांड=बेरीज एवढंच ठेवा. (पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव खरोखर चालतं. टीममध्ये काम करताना मात्र मी ते टाळेन.)

फंक्शनला एखादी किंमत पाठवायची असेल तर लॅम्डा (एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) लागतो, आणि तिथे दुसरा खड्डा आहे. कॅल्क्युलेटरची ० ते ९ बटणं लूपमध्ये बनवली आणि प्रत्येकाला ‘लॅम्डा: दाखव(अंक)’ दिलं, तर कुठलंही बटण दाबा, ९ च उमटतो. लॅम्डा त्या क्षणाची किंमत जपून ठेवत नाही. बटण दाबल्यावर तो ‘अंक’ हे नाव शोधायला जातो, आणि तोवर लूप संपून त्यात ९ उरलेला असतो. ‘लॅम्डा अंक=अंक: दाखव(अंक)’ असं लिहिलं की किंमत बटण बनतानाच पक्की होते.

कळ दाबणं, माउस हलणं अशा घटनांना फंक्शन जोडायला बाइंड असतो. हाच लॅम्डा जसाच्या तसा बाइंडला दिलात तर पुन्हा घोटाळा. कमांड फंक्शनला काही पाठवत नाही, पण बाइंड प्रत्येक वेळी इव्हेंट (घडलेल्या घटनेची माहिती) पाठवतो, आणि तो पहिल्या जागेवर म्हणजे थेट ‘अंक’मध्ये जाऊन बसतो. तिथे इव्हेंटसाठी आधी वेगळी जागा ठेवा: ‘लॅम्डा इ, अंक=अंक: दाखव(अंक)’.

विंडो गोठते

बटणाच्या फंक्शनमध्ये टाइम.स्लीप(५) टाकलंत की पाच सेकंद विंडो हलत नाही, आणि विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा शिक्का मारतं. तुमचं फंक्शन संपेपर्यंत मेनलूप क्लिक बघत नाही की चित्र पुन्हा रंगवत नाही. थोड्या वेळाने काही करायचं असेल तर आफ्टर वापरा. त्यात वेळ मिलिसेकंदांत द्यायची, म्हणजे एका सेकंदाला १०००. आणि इथेही कंस नकोत. घड्याळ नावाच्या फंक्शनच्या आतच आफ्टर(१०००, घड्याळ()) लिहिलं तर ते न थांबता स्वतःलाच बोलावत सुटतं आणि रिकर्शन एरर (स्वतःला बोलावण्याची मर्यादा ओलांडल्याची एरर) येते.

मोठी फाइल उतरवण्यासारखं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य प्रोग्रामसोबत समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाका, पण त्या थ्रेडमधून लेबल किंवा बटणाला हात लावू नका. कधी चालतं, कधी प्रोग्राम अचानक बसतो, आणि असा बग पकडणं सगळ्यात वैतागवाणं. थ्रेडने निकाल क्यूमध्ये (रांगेत) टाकावा आणि मुख्य विंडोने आफ्टरच्या मदतीने दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू तपासावी.

एरर न देता फसणाऱ्या गोष्टी

एंट्री (एका ओळीची चौकट) किंवा टेक्स्ट (अनेक ओळींची चौकट) डिसेबल्ड असताना इन्सर्ट केलं तर काहीच होत नाही, तक्रारही येत नाही. आधी नॉर्मल करा, मजकूर घाला, मग पुन्हा डिसेबल करा. फंक्शनच्या आत फोटोइमेज (टीकिंटरमधलं चित्र) बनवली तर चित्राच्या जागी कोरी जागा दिसते. फंक्शन संपताच पायथन ती इमेज मोडीत काढतो, ‘लेबल.इमेज = फोटो’ अशी नोंद ठेवली की चित्र टिकतं. दुसऱ्या विंडोसाठी पुन्हा टीके() (मुख्य विंडो) बनवू नका, टॉपलेव्हल वापरा. नाहीतर स्ट्रिंगव्हार (चौकटीतला मजकूर धरून ठेवणारा व्हेरिएबल) पहिल्या विंडोला चिकटतो आणि दुसरीतली चौकट रिकामी दिसते.

एंट्रीतून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. म्हणून १२ आणि ५ यांची ‘बेरीज’ १२५ होते. इंट वापरून बदलून घ्या. ग्राहकाने देवनागरी आकडे टाइप केले तरी इंट ते नीट वाचतो. अडतो तो १,२०० मधल्या स्वल्पविरामाला, तेवढा आधी काढून टाका.

एरर देणाऱ्या गोष्टी

या त्या मानाने बऱ्या. ‘नाव = एंट्री(विंडो).पॅक()’ लिहिलं तर ‘नाव’मध्ये एंट्री येतच नाही, कारण पॅक (चौकट विंडोत मांडणारी पद्धत) काही परत देत नाही, पुढे मजकूर काढायला गेट म्हटलं की नन-टाइपची एरर. दोन ओळी करा. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड (रांगा-स्तंभांत मांडणारी पद्धत) मिसळू नका, वेगवेगळ्या फ्रेममध्ये खुशाल वापरा. टीटीके (टीकिंटरच्या नव्या थाटाच्या घटकांचा संच) बटणाला बीजी (पार्श्वभूमीचा रंग) देऊन रंग बदलत नाही, त्यासाठी स्टाइल लागते. आणि आपल्या फाइलला टीकिंटर.पीवाय हे नाव देऊ नका: पायथन खरी लायब्ररी सोडून तुमचीच फाइल आयात करतो.

बटणाच्या फंक्शनमध्ये एरर आली तरी विंडो बंद होत नाही. एररचा मजकूर टर्मिनलवर जातो. फाइल पीवायडब्ल्यू (टर्मिनल न उघडता चालणारी पायथन फाइल) करून डबल-क्लिकने चालवत असाल तर तो मजकूर कुठेच दिसत नाही, म्हणून शिकत असेपर्यंत प्रोग्राम टर्मिनलमधूनच चालवा. दुसऱ्या कोणाला वापरायला देणार असाल, तर रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन या एरर छापणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवून एरर मेसेजबॉक्समध्ये दाखवा, म्हणजे समोरचा निदान तिचा स्क्रीनशॉट तरी पाठवू शकेल.