कॉलेजचं टाइमटेबल आणि वस्तीचं घड्याळ: एनएसएस आणि आउटरीचमध्ये या चुका टाळा

डिसेंबर महिना, बोरी नदीच्या काठचं एक गाव, आमचा एनएसएसचा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा सात दिवसांचा कॅम्प. पहिल्याच दिवशी सकाळी नऊला आम्ही पन्नास पोरंपोरी झाडू, टोपल्या, बॅनर घेऊन घोषणा देत गल्लीत शिरलो आणि गल्ली रिकामी! दारांना कड्या, दोन कुत्रे, आणि एका ओट्यावर बसलेली एक म्हातारी आजी. तिने अहिराणीत विचारलं, "काय कराले उनात रे भाऊ?" म्हणजे काय करायला आलात. आम्ही एकदम जोशात सांगितलं की जनजागृतीसाठी आलोय, गाव गोळा करायचंय. ती हसली आणि म्हणाली, "गाव त वावरमा गयं." म्हणजे गाव तर शेतात गेलं.

कापूस वेचणीचे दिवस होते हो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, जितकं उशिरा वावरात जाल तितका कमी कापूस आणि तितके कमी पैसे. असं असताना कोण बाई आमचं पथनाट्य बघायला थांबणार? आमच्या सरांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही, ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे, पण कॉलेजच्या सेमिस्टरमध्ये तेवढीच तारीख मोकळी होती.

त्यानंतर बरीच वर्षं या ना त्या निमित्ताने वस्त्यांमध्ये जाणं झालं, आधी व्हॉलंटिअर म्हणून, मग पोरांना घेऊन जाणारा म्हणून, आणि माझं मत पक्कं झालं की आपले दहातले आठ कार्यक्रम वेळेमुळे पडतात. पैसा, मनुष्यबळ, लोकांची उदासीनता हे सगळं नंतर. आपण आपल्या टाइमटेबलने जातो आणि वस्ती तिच्या घड्याळाने चालते.

चूक पहिली: कार्यक्रम आधी ठरवणं, गाव नंतर शोधणं

एनएसएस सुरू झालं २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत. ब्रीदवाक्यच 'माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी' असं आहे, आणि आपण करतो काय तर 'आमच्या अहवालासाठी, तुमच्या गावात'. उन्नत भारत अभियानात कॉलेजने गावं दत्तक घ्यायची असतात, नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, म्हणजे आता पोरं नुसती हौसेने नाही तर मार्कांसाठीपण वस्तीत जाणार. गर्दी वाढणार, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

उपाय साधा आहे पण कंटाळवाणा आहे म्हणून कोणी करत नाही. पहिल्या दोन भेटी रिकाम्या हाताने करा. बॅनर नाही, प्रश्नावली नाही, फक्त दोन-तीन जण जा. सरपंच आणि ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भेटाल तेवढं ठीकच आहे, पण खरी माहिती आशाताई, अंगणवाडीताई, किराणा दुकानवाला आणि मजुरांचा मुकादम यांच्याकडे असते. त्यांना फक्त एवढं विचारा की लोक कामाला किती वाजता निघतात, परत किती वाजता येतात, आठवडे बाजार कोणता, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं. शेवटचा प्रश्न विसरू नका! आपल्याकडे कितीतरी गावांत आणि शहरातल्या वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्या दिवशी तुम्ही हेल्थ कॅम्प ठेवला तर डॉक्टर एकटेच खुर्चीत बसून चहा पितील. मी पाहिलंय.

चूक दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: हंगाम न बघणं

खान्देशचं वर्ष वेगळं चालतं. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणीचा जोर, रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी आणि गाड्या भरणं सुरूच, आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांतून दसरा-दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, बरीचशी गुजरातेत. परततात ती उन्हाळ्यात. आता आपण हिवाळी कॅम्प ठेवतो डिसेंबर-जानेवारीत, बरोबर त्या वेळी जेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लहान लेकरं एवढंच उरलेलं असतं. मग अहवालात लिहितो 'ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद'. ग्रामस्थ तिथे होतेच कुठे!

अशा गावात कॅम्प हिवाळ्यात घ्यावाच लागला तर विषय बदला. व्यसनमुक्तीवर भाषण कोणाला देणार? त्यापेक्षा मागे राहिलेल्या पोरांचा अभ्यास घ्या, म्हाताऱ्यांची पेन्शनची कागदं लावून द्या, आधार-बँकेची गडबड सोडवा. आणि मोठ्यांसाठीचं जे काही आहे ते आखाजीच्या आसपास ठेवा. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गाव भरलेलं असतं. फक्त सणाच्या दिवशीच जाऊ नका, दोन दिवस सोडून जा. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशच्या देवीच्या, रविवारी तर अजिबात जाऊ नका, त्या दिवशी घराघरात रोटांचा नैवेद्य असतो, तुमचं कोण ऐकणार.

आणि उन्हाळ्यात गेलात तर उन्हाचा हिशोब ठेवा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो हे काय सांगायला पाहिजे का, तरी दरवर्षी कोणीतरी अकरा वाजता रॅली काढतंच. श्रमदान सकाळी सहाला सुरू करा, नऊला संपवा. पाणी आणि मीठ-साखर सोबत ठेवा.

गावकरी नुसते बघत उभे राहतात, हात लावत नाहीत, तेव्हा

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. दोन कारणं असतात. एक म्हणजे तुम्ही त्यांच्या दारासमोर झाडू मारताय, म्हणजे न बोलता त्यांना घाण म्हणताय, आणि वर फोटो काढताय. दुसरं म्हणजे ते काम त्यांनी मागितलेलंच नाही. एका गावात आम्ही तीन दिवस रस्ता झाडला आणि चौथ्या दिवशी एका जिभाऊंनी म्हणजे वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारलं की पोरांहो, त्या हापशाच्या भोवतीचा चिखल तेवढा काढता येईल का, बायका घसरून पडतात. तीन तासांचं काम. दगड आणून फरशी केली, पाणी जायला चर खोदली, आणि त्या तीन तासांत आमच्यापेक्षा जास्त गावची माणसं कामाला होती, फावडी त्यांनी आणली, आम्हाला तर घमेलं नीट धरता येत नव्हतं. संध्याकाळी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत आलं गावाकडून. त्याआधीचे तीन दिवस आम्ही आमचीच खिचडी खात होतो!

शक्य असेल तर काम ग्रामसभेत विचारून ठरवा. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात, जाऊन मागे बसा आणि लोक कशावरून भांडतात ते ऐका. त्यांच्या भांडणाचा विषय म्हणजेच तुमचं काम. पण रस्ता, गटार असलं ग्रामपंचायतीचं काम पोरांच्या हाताने फुकटात उरकून घेण्याचा प्रयत्न कोणी केला तर नम्रपणे नाही म्हणायचं, हेही शिकावं लागतं.

अभ्यासिका सुरू होते जोरात, दीड महिन्यात बंद पडते

शहराच्या वस्तीत संध्याकाळी पोरांना शिकवणं हा सगळ्यांचा आवडता कार्यक्रम. ऑगस्टमध्ये वीस व्हॉलंटिअर आणि पंधरा पोरं, ऑक्टोबरमध्ये कॉलेजची परीक्षा आली की व्हॉलंटिअर शून्य, आणि पोरं चार दिवस पाट्या घेऊन मंदिराच्या ओट्यावर वाट बघून परत जातात. पाचव्या दिवशी येत नाहीत. नंतर तुम्ही परत गेलात तरी येत नाहीत, आणि का यावं त्यांनी.

म्हणून रोज नका घेऊ. आठवड्यातून दोनच दिवस, पण तेच दोन दिवस, एका दिवसाला तीन जण ठरलेले म्हणजे एक आजारी पडला तरी दोन असतात. आणि वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली एखादी ताई पहिल्या आठवड्यापासून सोबत घ्या, शक्य असेल तर तिला थोडं मानधन द्या, तुमच्या परीक्षेच्या काळात तीच चालवेल. खरं सांगू का, ती आपल्यापेक्षा चांगलंच चालवते कारण तिला प्रत्येक पोराचं घर माहीत असतं.

भाषेचंही तसंच. अमळनेर-धुळ्याकडे घरात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिली. पोरगं "शे" म्हणालं की लगेच "आहे म्हण" करून टोकू नका, नाहीतर ते तोंडच उघडत नाही. आधी बोलू द्या, पुस्तकातली मराठी मागून येते. आणि गंमत म्हणजे टोकणारे आपले व्हॉलंटिअर स्वतःच्या घरी अहिराणीच बोलत असतात!

आरोग्य शिबिर: इथे चूक महागात पडते

नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हा महत्त्वाचा विषय आहे, आणि कॉलेजं त्यात मदतीला जातात, चांगलंच आहे. पण गावात होते ती सोल्युबिलिटीची चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात काहीतरी आहे, माणूस नुसता वाहक आहे की त्याला आजार आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एका शिबिरात एका उत्साही व्हॉलंटिअरने पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं माइकवरून पुकारली, 'यांनी इकडे यावं' म्हणून. त्यात एक लग्नाची मुलगी होती. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, प्रश्न येतो तो आई-बाप दोघंही वाहक असतील तेव्हा, मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे समजावणं समुपदेशकाचं काम आहे, सेकंड इयरच्या पोराचं नाही. व्हॉलंटिअरने रांग सांभाळायची, नाव नीट लिहायचं, आणि कागद ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा.

रक्तदान शिबिराचं छोटंसं: नवरात्रात ठेवू नका, अर्ध्या लोकांना उपास असतो आणि उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हे आधीच व्हॉट्सअपवर टाका, म्हणजे फर्स्ट इयरच्या पोरी रांगेत तासभर उभ्या राहून नाराज होऊन परत जाणार नाहीत.

झाडं

जुलैत खड्डा, ऑगस्टात फोटो, मे महिन्यात काडी. दोनशे लावण्यापेक्षा वीस लावा. जिथे पाणी सांडतं तिथेच लावा, हापशाजवळ, शाळेच्या टाकीजवळ, आणि प्रत्येक झाड एका घराला द्या. कडुलिंब, करंज, चिंच आपल्या उन्हात टिकतात. बाजूला बाभळीच्या काट्या लावा कारण बकरीला तुमचा बॅनर वाचता येत नाही. मुळाजवळ एक साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं आणि भरत राहिलं तर पाणी झिरपत राहतं आणि कमी लागतं. दोन उन्हाळे निघाले की झाड तुमचं.

फोटो, जुने कपडे आणि शेवटची एसटी

लेकरांचे चेहरे आई-बापाला न विचारता स्टेटसला टाकू नका. फाटलेले कपडे वाटू नका, तुम्ही स्वतः घालाल का तेवढं एकदा बघा. बिस्किटचा पुडा देताना फोटो काढणं तर बंदच करा आता.

मुली सोबत असतील तर शेवटची एसटी किती वाजता आहे हे कार्यक्रम ठरवण्याआधी बघायचं, ठरवल्यानंतर नाही. आणि कॅम्पच्या गावात संडास-बाथरूमची सोय आधी एखाद्या मॅडमने स्वतः जाऊन बघावी, सरांच्या "आहे आहे" वर विश्वास ठेवू नये.

तासांची वही

वर्षाचे १२० तास भरायचे असतात हे सगळ्यांना पाठ आहे. मार्चमध्ये एका बैठकीत सगळ्या तारखा एकाच पेनाने लिहिल्या जातात हेही सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही. फक्त वहीत एक रकाना जास्त आखा, 'वस्तीत आज कोण भेटलं नाही आणि का'. पुढच्या वर्षीच्या बॅचला तुमच्या ग्रुप फोटोपेक्षा हा रकाना जास्त उपयोगी पडेल, कारण कोणती गल्ली कधी रिकामी असते हे त्यातच कळतं.

मागच्या वर्षी सगळं बिनसलंय, त्याच गावात परत जायचंय

जा. पण मोठी गाडी करून जाऊ नका. आम्ही पुढच्या वर्षी त्या बोरीकाठच्या गावात चौघंच गेलो, तेही संध्याकाळी सातला, बायका वावरातून आलेल्या, चुली पेटलेल्या. त्याच ओट्यावर तीच आजी होती. आम्ही सांगितलं की मागच्या वेळी चुकलं, या वेळी कधी येऊ ते तुम्हीच सांगा. तिने आतून सुनेला हाक मारली, सुनेने शेजारणीला, आणि पंधरा मिनिटं त्यांचाच वाद चालला, कोणाची वेचणी कधी संपते, कोणाकडे लग्न आहे, बाजार कधी आहे. शेवटी त्यांनीच तारीख दिली, २० फेब्रुवारीनंतर, रात्री जेवणं झाल्यावर, आणि वर विचारलं की तुम्हाला जेवायला काय लागतं. आम्ही तारीख डायरीत लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सर म्हणाले की त्या आठवड्यात इंटर्नल आहेत. या वेळी आम्ही इंटर्नल पुढे ढकलायचा अर्ज दिला.