आवाज येतो, चित्र काळं?

रावेर-यावलकडे केळीवरच्या करप्याचा व्हिडिओ लावावा. आवाज खणखणीत, पडदा मात्र काळाकुट्ट. नेटला लगेच शिव्या घालू नका, नेट रडत असतं तर आवाजही अडखळला असता. तोच व्हिडिओ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे दिसला, तर पहिल्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जा (क्रोममध्ये 'सिस्टीम'खाली), हार्डवेअर किंवा ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्र दाखवायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) बंद करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं दुखणं बहुतेक वेळा इथेच निघतं. व्हिडिओ तुमचाच, आयफोनवर काढलेला असेल, तर तो एचईव्हीसी या व्हिडिओ-फॉरमॅटमध्ये असू शकतो, तो प्रत्येक ब्राउझरला उघडत नाही. एच.२६४ या जुन्या फॉरमॅटची एमपी४ फाइल करून चढवा, ती जवळपास सगळीकडे चालते.

पान विस्कटलंय, बटणं एकमेकांवर चढलीत? कंट्रोल आणि शून्य दाबा, झूम मूळ मापावर येतो. मग कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, साठवलेली जुनी प्रत सोडून पान नव्याने येतं. तरीही तसंच, तर इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खासगी विंडोत उघडा, तिथे एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी जोडप्रोग्रॅम्स) सहसा बंद असतात. तिथे नीट दिसलं की एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय समजा, बहुधा जाहिराती अडवणारं.

आणि कॉम्प्युटर अजून विंडोज ७वर असेल, तर क्रोम १०९च्या पुढे जातच नाही. तिथे नव्या साइट्स विस्कटणारच, सेटिंग्ज उकरत बसू नका.